सपाटीला मस्त, चढावर बंद: कार्बवाल्या गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दादा नमस्कार, माझी १९९८ ची जिप्सी आहे, कार्बवाली (कार्ब्युरेटर, इंजिनला पेट्रोल-हवेचं मिश्रण करून देतो तो) १३०० सीसी, राहायला डोंबिवली. रोजच्या रस्त्याला काही तक्रार नाही पण मुरबाडकडे मित्राचं शेत आहे, तिथे मागे टेकडीवर मातीचा खडा चढ आहे, फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, कमी स्पीड) पहिल्या गिअरला अर्ध्यापर्यंत जाते आणि मग मिसिंग सुरू, मागून काळा धूर, पेट्रोलचा वास आणि बंद. मग सेल्फ मारत बसायचं. खाली सपाटीला आणली की थोड्या वेळाने पुन्हा जशीच्या तशी. गॅरेजवाल्याने दोनदा कार्ब धुतला, मेन जेट बारीक टाकला, आता हायवेला पिकअप पण गेलाय आणि चढावरचा त्रास आहे तो आहेच. दुसरा मेकॅनिक म्हणतो हा कार्ब फेकून दे, वेबर कंपनीचा टाक. काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी जुना मेन जेट परत टाकून घ्या, आजच. सपाटीला गाडी नीट चालत होती म्हणजे जेट बरोबरच होते, जेटचं काम पेट्रोल किती मापात जायचं ते ठरवणं, गाडी वाकडी झाल्यावर काय होतं त्याच्याशी त्याचा फार संबंध नाही. आपल्याकडे चढाचा त्रास सांगितला की पहिला हात जेटला जातो आणि चांगली चालणारी गाडी बिघडते, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

आता होतंय काय ते बघा. कार्बच्या बाजूला पेट्रोलचा छोटा साठा असतो, फ्लोट चेंबर किंवा आपण बाऊल म्हणतो तो. त्यात फ्लोट तरंगतो, पेट्रोल ठरलेल्या पातळीला आलं की फ्लोट नीडल म्हणजे टोकदार सुई वर तिच्या सीटमध्ये (भोकात) ढकलतो आणि येणारं पेट्रोल बंद. तिथून पेट्रोल जेटमधून घशातल्या (कार्बमधली हवा जायची वाट) नॉझलपर्यंत येतं आणि हवेच्या ओढीने आत जातं. पेल्यातला चहा पेला तिरका केला तरी जमिनीला समांतरच राहतो ना, तसंच बाऊलमधलं पेट्रोल सरळ राहतं आणि कार्ब वाकडा होतो. बाऊलचा मध्य आणि नॉझल यांच्यात समजा ४ सेंटिमीटर अंतर आहे, गाडी २० अंश उचलली गेली की नॉझलच्या हिशोबाने पेट्रोलची पातळी जवळजवळ दीड सेंटिमीटरने बदलते आणि ३० अंशाला सव्वादोनच्या पुढे जाते. सपाटीला नॉझलचं तोंड पातळीच्या वर असतं ते काही मिलिमीटरच, म्हणजे एवढा फरक पडल्यावर काय होणार ते उघड आहे.

पण फरक कुठल्या बाजूला पडतो ते बाऊल कुठे आहे त्यावर. बाऊल गाडीच्या नाकाकडे असेल तर चढावर तो नॉझलपेक्षा वर जातो आणि पेट्रोल आपणहून घशात ओतायला लागतं, इंजिन बुडतं. बाऊल मागे, ड्रायव्हरकडे असेल तर उलटं, पेट्रोल नॉझलपासून लांब जातं आणि इंजिन उपाशी राहतं. उतारावर दोन्ही केसमध्ये बरोब्बर उलटं होतं. तुमच्याकडे काळा धूर आहे, वास आहे, बंद पडल्यावर लवकर चालू होत नाही, ही बुडाल्याची लक्षणं आहेत. उपाशी गाडीला धूर नसतो, ती झटके खाते, कार्बमधून उलटं फट्‌फट् करते, आणि चोक जरासा ओढला की सुधारते. बुडालेली गाडी चोक ओढला तर अजून मरते. बाजूच्या उताराला पण हाच हिशोब, फक्त डावं उजवं बघायचं.

खात्री करायची असेल तर बंद पडल्या पडल्या एक प्लग काढा, ओला काळा आला तर विषय संपला. अजून एक बघण्यासारखं आहे. गाडी जरा कमी खड्या चढावर लावा, चाकांना मागून मोठे दगड, हँडब्रेक, इंजिन बंद करून थोडं थंड होऊ द्या, एअर फिल्टरचं झाकण काढा आणि टॉर्च मारून घशात बघा. इंजिन बंद असताना नॉझलच्या टोकावर थेंब जमतोय, फुगतोय आणि खाली थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने उघडते ती) पाकळीवर पडतोय असं दिसलं तर चोर सापडला. मग गाडी सपाटीला आणून तेच बघा. तिथेही थेंब पडत असेल तर चढाचा काही दोष नाही, तुमची नीडल गळतेय. (टॉर्च म्हणजे टॉर्चच, लायटर नाही, आणि कोणी सिगरेट ओढत जवळ उभं राहायचं नाही.)

आता उपाय, मी ज्या क्रमाने करीन त्या क्रमाने सांगतो. कार्ब उघडून फ्लोट काढा, कानाजवळ हलवा, आत डुचमळल्याचा आवाज आला तर तो फुटलाय, गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे येतात, सोल्डर वगैरे भानगडीत न पडता बदला. नीडलचं टोक भिंगातून बघा, गोल खाच पडलेली असेल तर नीडल आणि तिची सीट दोन्ही नवीन, नुसती नीडल बदलून काम होत नाही. शक्यतो स्प्रिंगवाली नीडल घ्या, खडकातून जाताना फ्लोट उड्या मारतो आणि साध्या नीडलची सीट प्रत्येक धक्क्याला उघडते, स्प्रिंग तो धक्का खाते.

मग फ्लोटची पातळी. मॅन्युअलमध्ये दिलेलं माप आधी लावा, बऱ्याच गाड्यांमध्ये तेच चुकलेलं असतं आणि तेवढ्याने निम्मा त्रास जातो. बऱ्याच जपानी कार्बना बाऊलच्या बाजूला छोटी गोल काच असते, गाडी सपाटीला आयडलिंगवर ठेवून पेट्रोल त्या काचेच्या मधोमध दिसायला हवं. माप बरोबर असूनही चढावर बुडत असेल तर फ्लोटची पत्री (नीडलला ढकलणारा छोटा पत्रा) अगदी जराशी वाकवून पातळी १ ते दीड मिलिमीटर खाली घ्या आणि चालवून बघा. पत्री वाकवताना फ्लोट नीडलवर दाबायचा नाही, टोक मऊ असतं, तिथेच खाच पडते. एका झटक्यात ४-५ मिलिमीटर खाली घेणारे पण आहेत, मग चढ चढते पण हायवेला तिसऱ्या चौथ्या गिअरमध्ये फुल रेसला गाडी उपाशी मरते, तो मार्ग नको.

बाऊलला श्वास घ्यायला एक भोक असतं, व्हेंट, बऱ्याच कार्बमध्ये ते घशाच्या वरच उघडतं. खड्या चढावर उसळलेलं पेट्रोल या भोकातून थेट घशात पडतं आणि माणूस नीडलला शिव्या देत बसतो. तिथे पेट्रोलला टिकणारी छोटी नळी लावून तोंड उंच आणि उताराच्या विरुद्ध बाजूला न्यायचं, पण एअर फिल्टरच्या आतच ठेवायचं, बाहेर काढली तर धूळ जाते आणि मिश्रणही बदलतं.

राहिला पंप. या कार्बना साधारण अडीच ते साडेतीन पीएसआय प्रेशर पुरतं. कोणी हौसेने इंजेक्शनवाल्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप टाकला असेल तर तो नीडल उचलून पेट्रोल कोंबतो, मग तुम्ही फ्लोट कितीही सेट करा. कमी प्रेशरचा पंप किंवा रेग्युलेटर लावा, आणि टाकीकडे परत जाणारा रिटर्न पाईप कोणी बोल्ट ठोकून बंद केला असेल तर तो उघडा. इलेक्ट्रिक पंप असेल तर इंजिन बंद पडलं की पंपही थांबेल अशी वायरिंग हवीच हवी, ऑइल प्रेशर स्विचवरून करतात, नाहीतर गाडी आडवी झाली तरी तो पेट्रोल ओततच राहतो.

वेबरबद्दल. ३२/३६ वेबर चांगला कार्ब आहे, सुझुकीच्या या इंजिनांवर जगभर लावतात. पण तोही फ्लोटवालाच आहे, बाऊल कुठल्या बाजूला येतोय हे न बघता अडॅप्टर प्लेटवर बसवला तर हाच त्रास नव्या कार्बमध्ये विकत घ्याल. वरचं सगळं करून झाल्यावर, आणि तुमच्या कार्बच्या थ्रॉटलचा दांडा झिजून खडखडत असेल तर, वेबरचा विचार करा, त्याआधी नाही.

एक राहिलं, तुमच्या गाडीला सीएनजी किट आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीये. मुंबईकडच्या बऱ्याच जुन्या जिप्सींना असतं. असेल तर तोच चढ एकदा गॅसवर चढून बघा. गॅसला ना बाऊल ना फ्लोट, गाडी कितीही वाकडी झाली तरी फरक पडत नाही. ताकद थोडी कमी वाटेल, पण गॅसवर मिसिंग न होता चढली आणि पेट्रोलवर मेली तर इग्निशन, प्लग, कॉम्प्रेशन सगळं एका फटक्यात संशयातून बाहेर.

आणि तोपर्यंत ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. वारंवार बुडालेल्या इंजिनमध्ये पेट्रोल पिस्टनच्या रिंगमधून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय पुढचा चढ नको.

प्रश्न: माझ्याकडे वडिलांची जुनी पेट्रोल जीप आहे, ठाण्यात असते. कसारा घाटात दुपारच्या वेळी हमखास दम तोडते, झटके खाते आणि बंद. अर्धा तास बॉनेट उघडून ठेवलं की चालू. मेकॅनिक म्हणतो चढावर फ्लोट अडकतो. खरंय का?

उत्तर: नाही पटत. डांबरी घाट आपल्याला बसून खडा वाटतो पण अंश मोजले तर फार कमी असतो. डोंगरी रस्त्यांना आपल्याकडे साधारण २० ला १ असा चढ धरतात, म्हणजे ३ अंशही नाही, आणि १० ला १ असला तरी ६ अंशांच्या आतच. एवढ्याने कुठलाही धड कार्ब वाकडा होत नाही. वरच्या डोंबिवलीकरांची टेकडी वेगळी आणि तुमचा कसारा वेगळा, दोन्हीला चढ म्हणतात एवढंच. तुमच्याकडे खरा आरोपी उष्णता आहे. ट्रकच्या मागे कमी स्पीडला, जास्त रेसवर, रेडिएटरला वारा नाही, बॉनेटखाली भट्टी झालेली, आणि पेट्रोलचा हलका भाग ४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतो. पाईपमध्ये वाफ झाली की यांत्रिक पंप वाफच ओढत बसतो.

पण त्याच्या आधी एक काम करा, कारण गरम झाल्यावर मरणारी कॉइल आणि कंडेन्सर (ठिणगीचे पार्ट) पण अगदी हेच नाटक करतात. बंद पडली की लगेच एका प्लगची वायर काढून जुन्या प्लगला लावा, बॉडीला टेकवून सेल्फ मारायला सांगा, कार्बपासून लांब धरून. ठिणगी पिवळी मरतुकडी असेल किंवा नसेलच तर कार्बला हात पण लावू नका, कॉइल आणि कंडेन्सर बदला. ठिणगी निळी कडक असेल तर पेट्रोलकडे वळा. टाकीचं झाकण उघडा, फुस्स करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचा श्वास बंद आहे, टाकीत निर्वात होऊन पेट्रोल पुढे येत नाहीये, फुकटात काम झालं. ते नसेल तर पंपावर ओलं फडकं टाका, पाच दहा मिनिटांत चालू झाली तर वाफच होती. मग पेट्रोलचा पाईप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून (इंजिनमधून गरम धूर निघतो तो पाईप) लांबून घ्या, मध्ये पत्र्याचा आडोसा द्या, कार्बच्या खालचं जाड इन्सुलेटर पॅकिंग कोणी काढून पातळ कागदी टाकलं असेल तर जाड परत बसवा.

अजून एक, आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. जुन्या गाड्यांचे रबरी पाईप आणि पंपाचा डायफ्राम त्याने फुगतात, चिरा जातात, आणि फाटका पाईप बाहेर गळायच्या आधी हवा आत ओढतो. टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ पण सुटून जाळीत येतो. सगळे पाईप इथेनॉलला चालणारे टाकून घ्या आणि फिल्टर पारदर्शक लावा, घाटात बंद पडली की त्यात पेट्रोल आहे का नुसते बुडबुडे ते डोळ्याला दिसतं.

प्रश्न: दादा मी कॉलेजला आहे, अंधेरी. माझी कार्बवाली १५० सीसी ट्रेल बाईक आहे. पावसाळ्यात कर्जत साइडला ओढा ओलांडून पलीकडची दरड चढताना बाईक बंद पडते, प्रत्येक वेळी. ओढा नसला तर कितीही चढ चढते.

उत्तर: तूच उत्तर लिहिलंयस बघ, ओढा नसला तर चढते. बाईकच्या कार्बमध्ये बाऊल घशाच्या बरोबर खाली असतो आणि जेट मधोमध, म्हणून पुढे मागे वाकल्याचा तिला गाडीएवढा त्रास होत नाही. कार्बपासून खाली लोंबणाऱ्या बारीक नळ्या बघ, त्यातल्या काही बाऊलच्या श्वासाच्या असतात. त्यांची तोंडं पाण्यात बुडली की बाऊलमध्ये हवा जात नाही आणि जेटमधून पेट्रोल निघायचं थांबतं. ओढा पार होईपर्यंत उरलेलं पेट्रोल पुरतं, दरडीला रेस दिलीस की संपतं. श्वासाच्या नळीत छोटा टी जोड टाकून एक फाटा टाकीखाली सीटजवळ वर ने, दुसरा खालीच राहू दे. ओव्हरफ्लोची (जादा पेट्रोल बाहेर सोडणारी) नळी मात्र वर न्यायची नाही, ती खालीच हवी. तरीही बंद पडली तर बाऊलच्या बुडाचा ड्रेन स्क्रू सैल करून बाटलीच्या झाकणात थोडं पेट्रोल काढ, तळाला पाण्याचा वेगळा थेंब फिरताना दिसला तर बाऊल पूर्ण रिकामा करून घे. आणि पाणी इंजिनमध्ये गेल्याचा जरा जरी संशय असेल तर सेल्फ किंवा किक मारायच्या आधी प्लग काढायचा, घाई केलीस तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्रश्न: मी आणि माझे मिस्टर दोघंही जिप्सी चालवतो, पार्ल्याला राहतो. चढाच्या मधोमध बंद पडली की माझा सगळ्यात मोठा प्रश्न कार्ब नसतो, गाडी मागे घसरेल ही भीती असते. नक्की काय करायचं असतं?

उत्तर: ताई, हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा, कार्बपेक्षा महत्त्वाचा आहे. बंद पडली की पहिली सवय क्लच दाबायची असते, ती मोडायची. पाय ब्रेकवर घट्ट, हँडब्रेक ओढा, क्लच दाबू नका, गिअरमध्ये मेलेलं इंजिन गाडीला धरून ठेवतं. ब्रेक बूस्टरवाला असेल तर इंजिन बंद झाल्यावर एक दोन दाबांपुरतीच मदत उरते, म्हणून पंपिंग करायचं नाही, एकदा दाबला तो धरून ठेवायचा. मग ब्रेक तसाच ठेवून क्लच दाबा, फोर-लोमध्येच रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा. आता मागे बघा, स्टिअरिंग सरळ, मागे कोणी उभं नाही ना. हँडब्रेक सोडा, ब्रेक हळूहळू सोडा, गाडी गिअरवर टेकेल. आणि क्लच न दाबताच चावी फिरवा, सेल्फ गाडीला हळू मागे ढकलेल आणि इंजिन पकडेल, मग नुसत्या इंजिनच्या ब्रेकिंगवर सरळ खाली या. मध्ये ब्रेक जोरात दाबलात तर चाकं लॉक होऊन घसरेल. आणि काहीही झालं तरी चढावर गाडी आडवी वळवायची नाही, जिप्सी अरुंद आणि उंच आहे, कोलमडते.

इंजिन बुडाल्यामुळे बंद पडलं असेल तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा लागतो, पंप करायचा नाही, प्रत्येक दाबाला कार्बचा पंप अजून पेट्रोल टाकतो. पण ब्रेक सोडून पाय तिकडे नेणं चढावर बरोबर नाही, म्हणून आधी गाडी गिअरवर टेकल्याची खात्री, मगच. चालू होतच नसेल तर हट्ट नको. मिस्टरांना किंवा जो कोणी बरोबर असेल त्याला बाजूने, मागून नाही, चाकामागे दगड लावायला सांगा आणि दुसऱ्या गाडीचा दोर मागवा. पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर टपकताना दिसलं किंवा वास खूप असेल तर सेल्फ अजिबात मारायचा नाही. आग विझवायचा २ किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर सीटच्या बाजूला हाताला लागेल असा लावा, मागे सामानाखाली नको.

प्रश्न: कार्बचं रिपेअर किट मुंबईत कुठे मिळेल? वसईला कोणाकडेच नाही.

उत्तर: नवीन किटसाठी ऑपेरा हाऊसची स्पेअर पार्टची दुकानं, जुना अख्खा कार्ब हवा असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. जाताना गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही, इतक्या वर्षांत कोणी कुठला कार्ब बसवला असेल सांगता येत नाही. कार्बच्या बॉडीवर कोरलेल्या नंबरचा फोटो आणि जुनी नीडल, सीट, पॅकिंग डबीत घालून न्या आणि काउंटरवरच शेजारी ठेवून लांबी, भोक, आटे जुळवा. नीडल अर्धा मिलिमीटर लांब निघाली तरी तुमची फ्लोटची पातळी बदलते. जुना कार्ब घेत असाल तर थ्रॉटलचा दांडा बोटांनी वर खाली हलवून बघा, खेळ जाणवला तर ठेवून द्या, दुसरा बघा.